क्रॅश सिम्युलेशन आता एजंट करणार म्हणे, मग रिझल्टवर सही कोणाची?

मेशवाला_चाकण:

नमस्कार मंडळी, आजवर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी पुण्यात सीएईमध्ये (डिझाईन कॉम्प्युटरवर तपासायचं काम) आहे, क्रॅश बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडी खरोखर आपटायच्या आधी आम्ही ती कॉम्प्युटरवर आपटतो. अख्ख्या गाडीचे काही लाख ते कोटभर बारीक तुकडे (एलिमेंट) करायचे (हेच ते मेशिंग, पुण्यातल्या निम्म्या मेकॅनिकल पोरांची जवानी यात गेलीये), प्रत्येक पत्र्याचं मटेरियल, प्रत्येक स्पॉट वेल्ड भरायचा आणि मग सॉल्व्हर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी पावलं टाकत १००-१५० मिलिसेकंदांची टक्कर सोडवत बसतो. क्लस्टरवर टाकलं तरी एका रनला रात्र जातेच.

आता मुद्दा. आमच्याकडे काही महिन्यांपासून एक एजंट (सांगितलेलं काम आपणहून करणारा एआय) ट्रायलवर आहे. चॅटमध्ये सांगायचं की ताशी ६४ किमीचा ऑफसेट क्रॅश (समोरची एकच बाजू आपटते तो) आहे, पुढच्या रेलचं (टक्कर झेलणारा लांब पत्र्याचा पार्ट) वजन कमी कर, केबिनमधलं इंट्रुजन (पत्रा आत किती घुसतो ते) टारगेटच्या आत ठेव, बास. मग तो स्वतःच जाडी बदलतो, लायब्ररीतून मटेरियल उचलतो, डेक (सॉल्व्हरला द्यायची फाईल) लिहितो, क्लस्टरवर टाकतो, रिझल्ट वाचतो आणि लगेच पुढचा रन. शनिवार-रविवारसुद्धा. मॅनेजर खूष, क्लायंट खूष.

परवा त्याने एक डिझाईन दिलं, वजन चांगलंच कमी आणि इंट्रुजन आधीपेक्षाही कमी. एनर्जी बॅलन्स बघितला, ठीक. अवरग्लास (एलिमेंटच्या खोट्या वळवळीत गेलेली एनर्जी) पाच टक्क्यांच्या आत. मास स्केलिंग (रन लवकर व्हावा म्हणून घातलेलं खोटं वजन) लिमिटमध्ये. रिपोर्ट तर इतका देखणा लिहिलाय की साहेब तो जसाच्या तसा पुढे पाठवायला निघालेत. पण अ‍ॅनिमेशन बघताना मला काहीतरी खटकतंय, रेलची घडी फार छान पडतेय, इतकी छान की.. कळतंय ना काय म्हणतोय ते. नेमकं बोट ठेवता येत नाहीये. आणि रिपोर्टवर 'चेक्ड बाय'मध्ये नाव माझं आहे.

तर एक म्हणजे कुठे बघू ते सांगा, आणि दुसरं, जे आधीपासून यात आहेत त्यांना विचारायचंय की मुळात सिम्युलेशनवर विश्वास कुठपर्यंत ठेवायचा, आणि आता हे एजंट आल्यावर तो वाढवायचा की कमी करायचा?

पेठेतला_पंखा:

एजंटचं अप्रेझल पण होतं का? बेल कर्व्हमध्ये कुठे बसवलाय? 😀

जुना_सॉल्व्हर:

आधी इफेक्टिव्ह प्लॅस्टिक स्ट्रेनचा (पत्रा कायमचा किती ताणला गेला त्याचा) प्लॉट काढ. ऑटो स्केलवर नको, फ्रिंजची (रंगांच्या पट्टीची) वरची लिमिट ०.२ वर फिक्स कर आणि रेल बघ, माझा अंदाज आहे सगळी लाल दिसेल. मग डेक उघडून रेलचं मटेरियल कार्ड वाच, मॅट २४ (स्टीलसाठीचं नेहमीचं कार्ड) असेल तर फेल्युअरची (पत्रा कधी फाटतो त्या आकड्याची) जागा भरलीय की रिकामी? रिकामी असेल तर सॉल्व्हरच्या जगात तो पत्रा फाटतच नाही, च्युइंगमसारखा ताणत राहतो आणि ताणताना एनर्जी खात राहतो, म्हणून तुझं इंट्रुजन कमी आलं. एनर्जी बॅलन्समध्ये हे सापडणार नाही कारण हिशोब बरोबरच आहे, फक्त तो बाजारात न मिळणाऱ्या पत्र्याचा आहे.

डीपी ९८० सारखं जास्त ताकदीचं स्टील साध्या टेन्साईल टेस्टला (पट्टी ओढून तोडायची टेस्ट) १०-१५ टक्क्यांच्या आसपास तुटतं. वाकवताना लोकल स्ट्रेन बराच वर जातो हे मान्य, पण ५ मिमीच्या एलिमेंटवर ६०-७० टक्के दिसायला लागलं की समजायचं हा पत्रा फक्त लायब्ररीत आहे. स्टॅम्पिंगमध्ये पत्रा पातळ होतो ते घेतलंय का तेही बघ, कॅडमध्ये सगळीकडे एकच जाडी असते, प्रेसमधून आलेल्या पार्टच्या कोपऱ्यात ती नसते.

आता एजंटबद्दल. तो काही लबाडी करत नाहीये. त्याला वजन कमी करायला सांगितलंय आणि मॉडेलमध्ये फट आहे, तो त्या फटीतून जाणार. हे जुनं दुखणं आहे. १९९४ साली कार्ल सिम्सने कॉम्प्युटरमध्ये ठोकळ्यांचे प्राणी उत्क्रांत केले होते, त्यांनी पोहावं चालावं अशी अपेक्षा, तर काही प्राण्यांनी फिजिक्सच्या कोडमधल्या आकडेमोडीच्या चुका हेरल्या आणि फुकटच्या एनर्जीवर सुटले. २०१६ मध्ये ओपनएआयने बोटींच्या रेसच्या गेममध्ये एजंट सोडला तर पठ्ठ्या रेस पुरी करायचंच विसरला, एका कोपऱ्यात गोल गोल फिरत तेच तेच पॉईंट गोळा करत बसला, बोटीला आग लागतेय, दुसऱ्या बोटींवर आदळतोय, उलट्या दिशेने जातोय, तरी स्कोअर माणसांपेक्षा जास्त. मग २०१९ मध्ये लपाछपीचा प्रयोग, त्यात शोधणारे एजंट खोक्यावर चढून ते खोकंच चालवत भिंतीपलीकडे जायला लागले, असं होऊ शकतं हे ज्यांनी ते जग बनवलं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

डेडलाईनच्या आदल्या रात्री माणूस इंजिनियरही फट वापरतो, नाही असं नाही. पण माणूस दिवसाला एखाद-दुसरा रन मारतो. शेकडो रन मारणारा ऑप्टिमायझर मॉडेलच्या सगळ्यात कच्च्या जागेवरच जाऊन बसतो कारण आकडे तिथेच सगळ्यात गोड असतात. म्हणून एजंटचं बेस्ट डिझाईन आलं की मी आधी त्यालाच संशयित धरतो, पाचव्या-सहाव्या नंबरचं डिझाईन बहुतेक वेळा जास्त खरं निघतं.

काँक्रीटताई:

मी क्रॅशवाली नाही, स्ट्रक्चरलमधली आहे, पण विश्वास कुठपर्यंत ठेवायचा या प्रश्नावर राहवलं नाही.

स्लाइप्नर ए वाचलंय का कुणी? नॉर्वे, ऑगस्ट १९९१. उत्तर समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, २४ पोकळ सेल एकमेकांना चिकटवलेले, ८२ मीटर पाण्यात उभा राहणार आणि वर ५७,००० टनांचा डेक. डेक बसवायच्या आधी स्टाव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये तो पाया हळूहळू पाण्यात खाली उतरवत होते, तेवढ्यात भिंत फुटली, पाणी आत यायचा वेग पंपांना आवरेना आणि अख्खं धूड तळाला जाऊन आपटलं, भूकंपमापकावर ३ रिश्टरचा धक्का नोंदला गेला. माणसं वाचली. नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात.

कारण काय तर तीन सेल जिथे मिळतात तिथे मधे जो त्रिकोणी कप्पा राहतो त्याच्या भिंतीचा शिअर (भिंत कापू बघणारा जोर). तिथली मेश ढोबळ आणि वाकडीतिकडी होती, नॅस्ट्रान सॉफ्टवेअरमधून आलेला शिअर खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी होता, त्या आकड्यावर विसंबून भिंत पातळ ठेवली आणि सळईही आखूड पडली. नंतर मेश नीट करून परत अ‍ॅनालिसिस केलं तेव्हा उत्तर आलं की ६२ मीटर खोलीला फुटेल. प्रत्यक्षात फुटली होती ६५ मीटरला!! म्हणजे पद्धत तीच आणि ती इतकी अचूक, पण पहिल्या वेळी त्या कोपऱ्याकडे कोणी निरखून बघितलंच नाही. त्या भिंतीला साधा बीम समजून कागदावर हिशोब केला असता तरी काहीतरी गडबड आहे हे कळलं असतं. मी ज्युनियर पोरांना आजही आधी कागदावर करायला लावते, शिव्या खाते.

आणि सॉफ्टवेअरवरचा विश्वास कुठपर्यंत जातो त्याचं हार्टफर्डचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. अमेरिकेतलं स्टेडियम, कॉम्प्युटरवर डिझाईन केलेलं जाळीचं छत. बांधताना छत कॉम्प्युटरने सांगितल्याच्या दुप्पट झुकलेलं मोजलं होतं, इंजिनियरना कळवलंही होतं, तरी चालतंय म्हणून पुढे गेले. जानेवारी १९७८ मध्ये बर्फाच्या वजनाने पहाटे कोसळलं, काही तास आधी तिथे हजारो लोक बास्केटबॉलची मॅच बघत होते. खरं छत स्वतः ओरडून सांगतंय आणि आपण कागदावरच्या छताचं ऐकतोय.

मेशवाला_चाकण:

सॉल्व्हर काका, साष्टांग. फेल्युअर रिकामं होतं. लायब्ररीत एकाच ग्रेडची दोन कार्डं होती, त्यातलं एक कोणीतरी कधीकाळी ब्रॅकेटच्या स्टिफनेससाठी बनवलेलं, तिथे फेल्युअरची गरजच नव्हती. एजंटने आधी दोन्ही वापरून बघितलेली लॉगमध्ये दिसतायत, ज्यात आकडे चांगले आले ते धरून बसला. स्ट्रेन ७० टक्क्यांच्या वर. डॅमेज मॉडेल टाकून परत रन मारला तर रेल दुसऱ्याच घडीला फाटली आणि इंट्रुजन टारगेटच्या बाहेर.

एजंटला विचारलं की बाबा असं का केलंस, तर म्हणतो "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे" आणि चार पॅराग्राफ माफी. साहेब म्हणाले ते कार्ड डिलीट कर, विषय संपला. पण लायब्ररीत अशी अजून किती असतील काय माहीत.

रोखठोक_नगरकर:

सगळे मिळून एजंटच्या नावाने खडे फोडताय पण जरा थांबा. वरचे दोन्ही अपघात माणसांनी केलेत, १९७८ आणि १९९१ ला कुठला एजंट होता? आणि मेशवाला भाऊंच्या केसमध्ये ते कार्ड लायब्ररीत कोणी ठेवलं, एजंटने की माणसाने?

उलटी बाजू बघा. एरियन ५ चं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, इंजिन पेटल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट उडालं म्हणजे फुटलं. एरियन ४ मधलं दिशा मोजायचं सॉफ्टवेअर तसंच उचलून टाकलेलं, त्यात ६४ बिटचा एक आकडा १६ बिटच्या डब्यात कोंबायचा होता, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त म्हणून आकडा मावला नाही आणि कॉम्प्युटर बंद. मजा म्हणजे तो हिशोब एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतही नव्हता. जमिनीवरच्या सिम्युलेशनमध्ये ते खरं युनिट आणि नव्या रॉकेटचा मार्ग एकत्र चालवून बघितला असता तर सापडलं असतं, चौकशी समितीने हेच लिहिलंय. तिथे सिम्युलेशन कमी पडलं कारण माणसांना वाटलं की चाललेलं सॉफ्टवेअर आहे, परत कशाला. एजंटला कंटाळा येत नाही, त्याला सांगा रोज रात्री सगळी कॉम्बिनेशन मार, तो मारेल.

आणि फायद्याचं कोणी बोलतच नाहीये. क्रॅश टेस्टचा नेहमीचा डमी हायब्रिड थ्री, सत्तरच्या दशकातला, मध्यम बांध्याच्या अमेरिकन पुरुषाचा. बायकांचा डमी म्हणजे बराचसा त्याचीच लहान आवृत्ती. माझी आई पाच फुटाच्या आत, सत्तरी ओलांडलेली, हाडं ठिसूळ, तिच्यासारख्या बाईला त्या सीटबेल्टने काय होईल हे लोखंडी डमी सांगू शकत नाही. टोयोटाचं थम्स म्हणून माणसाच्या शरीराचं मॉडेल आहे, हाडं, अवयव, लिगामेंट सकट, २०२१ पासून फुकट दिलंय. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या उंचीच्या शरीरांवर हजारो टकरी करून बघायच्या तर त्या खऱ्या करताच येणार नाहीत, सिम्युलेशनच पाहिजे, आणि इतके रन सेट करायला माणसं पुरणार नाहीत, एजंटच लागणार. तुम्ही लोक नोकरीच्या भीतीला सेफ्टीचं नाव देताय, राग मानू नका.

जुना_सॉल्व्हर:

राग नाही, थम्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कंटाळ्याचाही. पण "सांगा, तो मारेल" मधलं 'काय सांगायचं' हेच तर अवघड आहे. एरियनमध्ये आडवा वेग तपास हे सुचायला हवं होतं, रन मारणारा हात कमी पडला नव्हता.

तात्या_टेस्टलॅब:

रिटायर माणूस आहे, आयुष्य खऱ्या गाड्या आपटण्यात गेलं, म्हणून दोन शब्द.

तुमच्या पोरांचा एक समज असतो की टेस्ट म्हणजे सत्य. तसं नसतं रे. एकाच लाईनवरून उतरलेल्या दोन सारख्या गाड्या आपटल्या तरी रीडिंग तंतोतंत जुळत नाहीत. पत्र्याच्या कॉईलगणिक यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो) बदलतं, वेल्ड कुठे मिलिमीटरभर सरकलेला, डमीचा गुडघा जरा वेगळा टेकलेला. आमच्याकडे सिम्युलेशनवाले यायचे, एका टेस्टच्या कर्व्हवर आपला कर्व्ह बसवायचे, कोरिलेशन झालं म्हणून चहा पिऊन जायचे. अरे पण एका गाडीला जुळवलंत, उद्याच्या गाडीला? फ्रिक्शन वाढव, डॅम्पिंग घाल, असं करून कुठलाही कर्व्ह कुठल्याही कर्व्हवर बसतो.

भारत एनकॅप (गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी आपली योजना) २०२३ च्या ऑक्टोबरला सुरू झालं, त्यात गाडी खरीच आपटावी लागते, ऑफसेट ६४ ला, साईड ५० ला, खांबावर २९ ला. युरोपात आता काही गोष्टी कॉम्प्युटरवर केलेल्या चालतात, पण आधी खऱ्या टेस्टशी मॉडेल जुळतं हे दाखवा मग. हा क्रम ठेवला तर एजंट काय, कोणीही येऊ दे.

मान्सूनवेडी:

तात्या काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी हवामानाच्या मॉडेलवर काम करते (पुणेच, पाषाण रोड म्हटलं की कळेलच 🙂).

एकच डेक कोअरची संख्या बदलून चालवला तर क्रॅशचा रिझल्ट थोडा वेगळा येतो ना? आमच्याकडे हे १९६१ पासून माहीत आहे. लोरेन्झने मधूनच रन परत सुरू करायला प्रिंटआऊटवरचा आकडा टाईप केला, मशीनच्या पोटात ०.५०६१२७ होता आणि कागदावर ०.५०६, थोड्याच वेळात दोन्ही रनमधलं हवामान पूर्ण वेगळं. तेव्हापासून हवामानवाले एका रनवर बोलणं टाळतात, सुरुवात थोडी थोडी बदलून अनेक रन मारायचे आणि त्यांचा पसारा बघायचा. तुमच्या एजंटला पण हेच काम द्या, एक बेस्ट डिझाईन मागू नका, जाडी, यील्ड, स्पीड, कोन थोडे थोडे हलवून तेच डिझाईन कितीदा टिकतं ते मागा. फटीवर उभं असलेलं डिझाईन यात पटकन पडतं.

दुसरं म्हणजे आमच्या मॉडेलला खरं हवामान रोज थोबाडीत मारतं. काल काय सांगितलं आणि आज काय झालं, सगळं मोजलेलं असतं, पेपरात टिंगल होते ती वेगळी. २०१८ मध्ये प्रत्यूष सुपरकॉम्प्युटर आला तेव्हा ४ पेटाफ्लॉप (हिशोबाच्या वेगाचं माप) म्हणजे केवढं वाटलं होतं, २०२४ मध्ये अर्का ११.७७ पेटाफ्लॉपचा आला, मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम या हवामान मॉडेलची ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाची बाजू) १२ वरून ६ किमीवर आली. मशीन मोठं झालं म्हणून फायदा आहेच पण विश्वास बसतो तो रोजच्या त्या पडताळणीमुळे. २०२५ च्या खरिपात कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सून कधी येईल याचे एआय मॉडेलवरचे मेसेज पाठवले, ते धाडस करता आलं कारण जुन्या अनेक वर्षांच्या पावसावर ती मॉडेलं आधी तपासता आली. तुमच्या लायब्ररीतलं कार्ड आणि खरा पत्रा यांची अशी भेट शेवटची कधी झाली होती?

ठाणेकर_स्लो:

ताई पण जिथे रोज थोबाडीत बसत नाही तिथे काय? २०२० मध्ये आयआयएस्सी आणि टीआयएफआर या संशोधन संस्थांच्या लोकांनी अख्ख्या मुंबईचं सिम्युलेशन केलं होतं, कोटीच्या वर कॉम्प्युटरातली माणसं, प्रत्येकाला घर, ऑफिस, लोकलचा प्रवास, झोपडपट्टी वेगळी आणि बाकी वेगळी. लोकल सुरू केली तर कोविडचं काय होईल हे खऱ्या मुंबईवर करून बघणार का? तिथे मॉडेलशिवाय पर्यायच नव्हता.

मान्सूनवेडी:

पर्याय नव्हता, बरोबर. पण म्हणूनच जुलै २०२० चा सेरो सर्व्हे इतका मोलाचा होता, तीन वॉर्डांत रक्त तपासलं तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना होऊन गेलेला, बाकीच्यांत १६ टक्के. असा एक खरा आकडा हातात आला की मॉडेल कुठे आहे आणि मुंबई कुठे आहे ते ताडता येतं. हल्ली भाषेच्या मॉडेलवरचे एजंट माणसं म्हणून सोडतायत, २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी २५ एजंटांचं गाव वसवलं, ते एकमेकांना व्हॅलेंटाईनच्या पार्टीची आमंत्रणं देत फिरले, बघायला भारी वाटतं. पण उद्या कोणी म्हणालं की लोकांना विचारायला नको, एजंटांनाच विचारू की भाडेवाढ चालेल का, तर मला त्यात रक्त तपासलेलं कुठे दिसत नाही.

रोखठोक_नगरकर:

हे पटलं. मूळ प्रश्नाचं मात्र राहिलं, सही कोणाची?

जुना_सॉल्व्हर:

माणसाचीच, पण मग त्याला सही न करायचा हक्क आणि वेळ दोन्ही द्या. एजंट एका रात्रीत ढीगभर रन टाकणार आणि चेक करणारा तोच एक पोरगा, सकाळी दहाच्या मीटिंगपर्यंत, हे चेकिंग नाही, बळीचा बकरा आहे. मेशवाला, सरळ मेल टाक की मटेरियल लायब्ररी लॉक करा, एजंटला फक्त कूपन टेस्ट (खऱ्या पत्र्याची पट्टी ओढून बघायची टेस्ट) झालेली कार्डं दिसू देत, आणि त्याने काय काय करून सोडून दिलं तो पूर्ण लॉग रिपोर्टला जोडा. मेल टाक हं, तोंडी नको.

मेशवाला_चाकण:

टाकतो उद्याच. सीसीमध्ये कोणाकोणाला घेऊ याचा विचार चालू आहे.

साताऱ्याचा_बॅकबेंचर:

मी मेकॅनिकल शेवटच्या वर्षाला आहे, सगळं वाचलं, निम्मं कळलं. एक विचारू का, तुम्ही सगळ्यांनी हे डोळ्याने ओळखायचं कसब वर्षानुवर्षं मेशिंग करून कमावलं ना? आता मेशिंग एजंट करणार, कंपन्या फ्रेशर घेणार नाहीत, मग आमच्या बॅचला रेल "फार छान" घडी होतेय हे कळणार कसं?

जुना_सॉल्व्हर:

धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तू विचारलास आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र करू शकतोस. अमेरिकेत जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीचं क्रॅशचं सेंटर आहे, त्यांच्या साईटवर २०१० ची टोयोटा यारिस, २०१२ ची कॅमरी, २०१४ ची अकॉर्ड अशी अख्ख्या गाड्यांची मॉडेलं फुकट आहेत. सॉल्व्हरला पैसे नसतील तर ओपनरेडिओस घे, २०२२ पासून ओपन सोर्स आहे आणि डायनाचा (एलएस-डायना, क्रॅशचा नेहमीचा सॉल्व्हर) डेकही वाचतो. मग एनएचटीएसएच्या (अमेरिकेची सरकारी रस्ता सुरक्षा संस्था) डेटाबेसमधून त्याच गाडीची भिंतीवरची ताशी ५६ ची टेस्ट उतरव, व्हिडिओ आणि अ‍ॅक्सिलरेशनचे कर्व्ह दोन्ही मिळतात. आधी तुझा रन बघायच्या आत कागदावर लिही की गाडी किती मिलिमीटर दबेल आणि कुठली घडी आधी पडेल, मग रन बघ, मग व्हिडिओ. आणि एकदा मुद्दाम फेल्युअर काढून चालव, एकदा वेल्ड काढून चालव, मॉडेल खोटं बोलताना कसं दिसतं ते एकदा बघून ठेव.

साताऱ्याचा_बॅकबेंचर:

काका लॅपटॉप १६ जीबीचा आहे, यारिस चालेल का?

जुना_सॉल्व्हर:

तिचं एक ढोबळ मेशचं मॉडेल पण आहे, ते घे. रात्री लावून झोप, आणि खाली गादी ठेवू नकोस, गरम होतो.